दुसरी टाकी

बाटलीतला रंग खरोखर गेला असेल तर आपल्याला काय मिळेल, याचा हिशेब लवजीभाई ठुम्मरांनी बाटली उन्हात धरल्या धरल्याच मांडला. घाटाच्या फाटकाचं सील निघेल. कोरडे पडलेले हौद पुन्हा भरतील. छापलेल्या साड्यांचे गठ्ठे धुवायला दुसऱ्यांच्या घाटावर नेणारे कारखानदार दिवाळीच्या तोंडावर मान खाली घालून परत येतील, आणि आले की त्यांना चहाचं न विचारता ओट्यावर बसवून ठेवता येईल. शेवटची बाब खरं तर हिशेबात धरायची नसते. लवजीभाईंनी ती धरली.

मग त्यांनी दुसरी बाजू पाहिली. ही बाई यात काय कमावणार?

बाटलीत त्यांच्याच घाटाचं पाणी होतं. भरलं तेव्हा डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. आता त्यातून पलीकडची भिंत दिसत होती, भिंतीवरची पाल दिसत होती. तळाशी बोटभर काळा गाळ तेवढा बसलेला.

"बाटली तीच आहे ना, बेन?"

"बुचावरच्या कागदावर तुमचीच सही आहे," डॉ. वसावडा म्हणाल्या. त्या राजकोटला कॉलेजात सूक्ष्मजीव शिकवत, आणि सुट्टीच्या दिवशी जेतपूरला येऊन धुलाईघाटांच्या नाल्यांत काठी घालून चिखल उपसत. त्यामुळे गावात निम्मे लोक त्यांना डॉक्टर समजत आणि निम्मे वेडी.

लवजीभाईंनी सही पाहिली. मग सहज केल्यासारखी बाटली उलटी केली.

"बुडाखालची कानसीची रेघही तुमचीच," वसावडाबेन म्हणाल्या. "बाटली दिलीत तेव्हाच पाहिली होती मी."

लवजीभाई किंचित हसले. पकडलं गेल्यावर हसायचं, हा त्यांचा नियम होता.

"हे रंग खाणारे किडे आणलेत कुठून? जर्मनी?"

"तुमच्याच नाल्यातून. तुमच्या वडिलांपासून त्या चिखलाला रंग पाजताय. मरायचे ते मेले, उरले ते रंगावर जगायला शिकले. मी फक्त तेवढे वेचून वाढवले."

"म्हणजे माझाच माल मला विकताय!"

"विकत नाही. जीव फुकट आहेत. टाक्या तुम्ही बांधायच्या."

'टाक्या' हे अनेकवचन लवजीभाईंच्या कानाला खडा लागावा तसं लागलं. त्यांनी बाटली खाली ठेवली.

वसावडाबेननी खडूनं ओट्यावरच दोन चौकोन काढले. पहिली टाकी झाकलेली, तिच्यात हवा जाऊ द्यायची नाही. तिथले जीव रंगाची गाठ सोडतात, की रंग दिसेनासा होतो. पण गाठ सुटली तरी तुकडे पाण्यातच राहतात. त्यांना रंग नसतो, आणि काही तर रंगाहूनही वाईट असतात. ते खाणारे जीव वेगळे, त्यांना हवा लागते. म्हणून दुसरी टाकी उघडी, ब्लोअर लावून तिच्या तळातून दिवसरात्र हवा सोडायची. पहिलीत पाणी जितका वेळ राहील तितकाच दुसरीत राहिलं पाहिजे.

"म्हणजे न दिसणारे किडे न दिसणारे तुकडे खाणार," लवजीभाई म्हणाले.

"हो."

"आणि विजेचं बिल तेवढं दिसणार."

वसावडाबेननी चौकोन पुसले. "लवजीभाई, तुम्हाला हे करायचंच नसेल तर..."

"करायचं नाही असं कुठं म्हणालो? समजून घेतोय."

समजून घेणं हा शब्द ते संशयाला वापरत. बायकोला, समजूबेनला, हे लग्नानंतर लवकरच कळलं होतं. भाजीवाल्याच्या तराजूखाली हात घालून बघणं म्हणजे समजून घेणं. व्याही जेवायला बोलावतात तेव्हा 'का' म्हणून विचारणं म्हणजे समजून घेणं.

*

सील लागलं होतं ते देवकीपरच्या तक्रारीवरून. देवकीपर म्हणजे घाटाच्या खालच्या अंगाचं, भादर नदीच्या काठावरचं, म्हशी पाळणाऱ्या आहिरांचं गाव. घाटाचा नाला तिथंच नदीला मिळे. जो रंग त्या हंगामात चाले तोच तिथल्या पाण्याला येई, आणि देवकीपरला घरबसल्या कळे की यंदा राणी रंग चालतोय की मोरपिशी. म्हैस चुकून पाण्यात उतरली तर पोट रंगवून बाहेर येई. म्हणून बाया काठ्या घेऊन काठावर उभ्या राहत आणि जनावरं हाकलत.

तक्रारीवर पहिला अंगठा पांचीबेनचा. नवरा गेल्यापासून म्हशींवरच घर चालवणारी, उंच, हाडापेरानं रुंद बाई. प्रदूषण बोर्डाचे साहेब म्हणाले होते की टाक्या बांधा, पाणी आम्ही तपासू, पण गावानं तक्रार मागे घेतली तरच सील काढू. म्हणजे बोर्डाची किल्ली खरी पांचीबेनच्या कनवटीला होती, आणि हे तिलाही ठाऊक होतं.

टाक्या झाल्या. पाणी सुरू झालं त्या दिवशी लवजीभाईंनी देवकीपरच्या मंडळींसाठी गाठिया-जिलेबी मागवली. पांचीबेननं एक गाठिया मोडला, वास घेतला आणि परत ठेवला.

"नवरीच्या घरचं पहिल्या दिवसाचं जेवण गोडच असतं, शेठ. मी नंतर येते."

आणि ती आली. कधी सकाळी, कधी ऐन दुपारी, कधी लवजीभाई जेवायला बसलेले असताना. घाटावर न येता सरळ नाल्याच्या तोंडाशी जाई, उकिडवी बसे, ओंजळीत पाणी घेई, सोडे. एकदा ती चक्क बाभळीमागं बसलेली करसनला, टाक्यांवरच्या माणसाला, दिसली.

"ती आपल्यावर पाळत ठेवते," करसन म्हणाला.

"ठेवू दे," लवजीभाई म्हणाले. त्यांना पांचीबेनबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. बाईला समजून घेता येत होतं.

त्या दिवसांत पाणी खरंच चोख होतं. दोन्ही टाक्या चालू, ब्लोअर घरघरत. बोर्डाचा कागद चांगला आला. शेवटी एक दिवस पांचीबेननं आपली थोरली म्हैस नाल्यावर आणली. म्हशीनं पाण्यात तोंड घातलं, ते बराच वेळ काढलं नाही.

"घेते मागे तक्रार," पांचीबेन म्हणाली. "पण लक्षात ठेवा शेठ, पुन्हा पाणी बिघडलं तर मला कुणी सांगायला नको. रंग दिसेलच."

वसावडाबेन त्या दिवशी आल्या नव्हत्या. लवजीभाई होते. त्यांनी मान हलवली. रंग दिसेलच, हे वाक्य पांचीबेनचं होतं. त्यांना खोटं बोलावंच लागलं नाही.

*

सील निघालं आणि हंगामानं घाटावर उडी घेतली. गिऱ्हाइकं आली, ओट्यावर बसली. पण गठ्ठे फाटकापाशी साचू लागले. हौद रिकामे करायला पाणी पुढं सरकलं पाहिजे, आणि पाणी अडकून राही दुसऱ्या टाकीत. पहिलीतून ते स्वच्छ होऊन येई आणि दुसरीत तितकाच वेळ नुसतं बुडबुडत बसे, जसा काम झालेला माणूस कचेरीत बसतो.

लवजीभाई दुसऱ्या टाकीच्या काठावर उभे राहून पाहत. आत जाणारं पाणी नितळ. बाहेर पडणारं पाणी नितळ. मध्ये वीज.

अशाच एका दुपारी त्यांची नजर ब्लोअरवरच्या पत्र्याकडे गेली. पुसून वाचलं: वसावडा इंजिनिअरिंग, राजकोट.

त्यांनी लगेच फोन लावला.

"बेन, ब्लोअरवाले वसावडा तुमचे कोण?"

"दीर."

"आधी बोलला नाहीत कधी."

"विचारलं नाहीत. तीन ठिकाणचे भाव तुम्हीच काढलेत, त्यात त्यांचाच कमी होता."

"कमी होता, तेच तर म्हणतोय मी," लवजीभाई म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. इतके दिवस जो काटा सापडत नव्हता तो सापडल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. उगीच कुणी सुट्टीच्या दिवशी चिखल उपसत नाही. जीव फुकट, हवा विकत. दुसरी टाकी कुणासाठी होती ते कळलं.

तरी ते घाईनं काही करणारे नव्हते. त्यांनी काचेचे दोन पेले घेतले, एकात पहिल्या टाकीचं पाणी भरलं, एकात दुसरीचं, आणि शेजारच्या गफारभाई खत्रींकडे गेले. गफारभाई साड्यांचे रंग घोटत. दोन घाण्यांमधला गुलाबी वेगळा निघाला तर ते दिव्याखाली न नेता सांगत, आणि त्यांनी सांगितलं की त्यावर गावात वाद नसे.

गफारभाईंनी पेल्यांमागं पांढरा कागद धरला. डोळे बारीक केले. पेल्यांची अदलाबदल केली. पुन्हा पाहिलं.

"एकाच माठातलं आहे, शेठ. गंमत करताय का माझी?"

"फरक नाही?"

"डोळ्याला नाही."

"तुमच्या डोळ्याला नाही म्हणजे नाहीच."

गफारभाईंनी पेले परत दिले आणि बोटं लुंगीला पुसली, पाणी लागलं नव्हतं तरी. "असं नका धरू. मी रंगाचा माणूस. रंगच नसेल तिथं मला विचारणं म्हणजे न्हाव्याला टकलाचा भाव विचारणं."

लवजीभाई हसले. त्यांनी वाक्याचा पहिला अर्धा भाग घेतला आणि बाकीचा तिथंच सोडला.

दुसऱ्या दिवशी करसननं पहिल्या टाकीपासून सरळ नाल्याला एक नळ जोडला. ब्लोअर बंद झाला. घाटावर इतकी शांतता झाली की धुणाऱ्या बायकांच्या थट्टामस्करीतलं सगळं ऐकू येऊ लागलं, आणि लवजीभाईंना तिथून जाताना खोकावं लागू लागलं. पहिल्या टाकीच्या पाण्याला कुजल्यासारखा वास येई, पण नाला लांब होता, वारं होतं, देवकीपरला पोचेपर्यंत वास उडून जाई. वसावडाबेन पाणी तपासायला येत तेव्हा आधी फोन करून येत. सभ्य माणसांची ही एक सोय असते. आदल्या दिवशी ब्लोअर सुरू व्हायचा, नळ मातीखाली जायचा, आणि नमुना दुसऱ्या टाकीत राखून ठेवलेल्या जुन्या पाण्याचा निघायचा.

"अजून काही दिवस," लवजीभाई करसनला म्हणाले. "दिवाळी झाली की पूर्ववत."

"आणि बेननं विचारलं तर?"

"त्यांनी दिराबद्दल सांगितलं होतं का, मी विचारेपर्यंत?"

*

धनतेरसच्या आधीची गोष्ट. लवजीभाई घरी झोपाळ्यावर बसून बिलं पाहत होते, तेव्हा पांचीबेन फाटकातून आत आली. हातात कापडानं तोंड बांधलेली पितळी बरणी होती. लवजीभाईंचा पाय जमिनीला टेकला आणि झोपाळा थांबला. त्यांना एकदम नळ आठवला. कुणी सांगितलं असेल? करसन? धुणाऱ्या बायका?

"या पांचीबेन. काय काम काढलंत?"

"काम कसलं?" ती पायरीवरच बसली. "समजूबेन कुठंय? हे घ्या म्हणावं."

समजूबेन बाहेर आली. बरणीचं कापड सोडलं. दूध होतं, निरसं, अजून कोमट.

"हे कशाबद्दल?" लवजीभाईंनी विचारलं.

"शेठ, तुम्हाला कुणी देतं तेव्हा असाच तोंडावर प्रश्न विचारता का?" पांचीबेन हसली. "वर्षं झाली, म्हशी पाणी पाजायला वरच्या विहिरीवर न्याव्या लागायच्या. गुडघे गेले माझे. आता घराखाली नाल्यावर सोडते, दिवसभर तिथंच पितात, तिथंच बसतात. सगळ्या आहिरांच्या. म्हटलं, भांडायला आले होते तसं हे सांगायलाही गेलं पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईला फक्त भांडताच येतं."

"बस, बस," समजूबेन म्हणाली. "याच दुधाचा चहा टाकते."

चहा आला. लवजीभाईंनी रकाबीत ओतला. फुंकर मारली. पुन्हा मारली. दाट, पिवळसर चहा, वर लगेच साय धरू लागलेली. पांचीबेन सुरका मारून पीत होती आणि यंदाच्या पारडीबद्दल समजूबेनला सांगत होती. लवजीभाईंनी रकाबी ओठांपर्यंत नेली आणि तिथं त्यांचा हात राहिला.

तुकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. तुकडे म्हणजे दिराचा ब्लोअर विकण्याची युक्ती, हे त्यांनी शोधून काढलं होतं, पुराव्यासकट. रकाबीत वावगं काही दिसत नव्हतं. गफारभाईंनाही दिसलं नसतं. प्यायला हरकत अशी कुठलीच नव्हती, फक्त हात पुढं जात नव्हता.

त्यांनी रकाबी खाली ठेवली.

समजूबेननं आपला कप उचलला.

"थांब!"

आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. दोघी बघू लागल्या.

"माशी आहे," लवजीभाई म्हणाले. उठून त्यांनी बायकोच्या हातातला कप काढून घेतला आणि अंगणाच्या मोरीत ओतला. मग आपली रकाबी आणि कपही.

"दोन्हीत?" समजूबेननं विचारलं.

पांचीबेननं आपल्या कपात पाहिलं, उरलेला चहा एका घोटात संपवला आणि कप पायरीवर उपडा ठेवला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी कडक झालं होतं.

"समजलं मला," ती म्हणाली. "आहिराच्या घरचं दूध म्हणून पाणी शोधताय. शेठ, माझ्या सासूच्या शपथेवर सांगते, त्यात पाणी असलंच तर म्हशीनं प्यायलेलं तेवढंच."

मोरीच्या तोंडाशी सायीचा एक धागा अडकून राहिला होता. लवजीभाईंनी त्यावर तांब्या ओतला.

"तसं नाही, पांचीबेन. तसं मुळीच नाही." आता काहीतरी द्यायलाच हवं होतं, आणि देण्याचा एकच प्रकार त्यांना येत होता. "उलट मी म्हणतो, फुकट कशाला? घाटावर चहाला दूध लागतंच. रोज मोठी बरणीभर घालत जा. डेअरी देते त्यावर लिटरला चार रुपये जास्त."

पांचीबेन उठता उठता थांबली. तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, नाल्याच्या तोंडाशी ओंजळीतल्या पाण्याकडे पाहायची तसं.

"जास्त का?"

"दूध चांगलं आहे म्हणून."

"चाखलं तर नाही."

"वासावरून कळतं."

तिचा विश्वास बसला असं नाही. पण चार रुपये जास्त होते, आणि संशयावर म्हशी पाळता येत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दूध सुरू झालं.

*

रोज सकाळी बरणी घाटावर येई. लवजीभाई ती स्वतः घेत, कामगारांच्या चहाला हात लावू देत नसत. त्या चहाला डेअरीची पिशवी येई. बरणी घेऊन ते मागच्या भिंतीपलीकडे जात आणि रिकामी घेऊन परत येत. समजूबेनला बातमी लागायला वेळ लागला नाही.

"पांचीबेनचं दूध जातं कुठं?"

"घाटावर."

"घाटावर पिशवी येते. करसनच्या बायकोनं सांगितलं." समजूबेन भाजी चिरत होती, ती चिरायची थांबली नाही. "या वयात तुमच्यावर तसला संशय घ्यायचा नाही मला. पण मग कसला घेऊ, तेवढं तरी सांगा."

लवजीभाईंनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

दिवाळी झाली. बेसत्या वरसाला, म्हणजे गुजराती नववर्षाला, लोक एकमेकांकडे गेले. देवकीपरहून मंडळी आली, त्यांनी लवजीभाईंना शाल दिली. कुणीतरी फोटो काढला. वसावडाबेनही होत्या. त्यांनी लवजीभाईंना विचारलं, "तुकड्यांचं काही कळलं का हो तुम्हाला? आता पटलं?"

"तुम्ही म्हणालात ते खरंच वाईट असतं का, बेन? म्हणजे, किती?"

"प्रत्येक तुकड्याचं वेगळं. काहींचं माहीत आहे, काहींचं कुणी मोजलेलंच नाही. लगेच काही दिसत नाही, हीच तर पंचाईत. म्हणून दुसरी टाकी. का विचारलंत?"

"समजून घेतोय," लवजीभाई म्हणाले.

दिवाळीनंतर लग्नसराईचे गठ्ठे आले. ब्लोअर लग्नसराईनंतर सुरू करायचं ठरलं.

महिना भरला तशी पांचीबेन पैसे घ्यायला आली. लवजीभाईंनी नोटा मोजून ठेवल्या, वर एक जास्तीची ठेवली. तिनं ती बोटानं बाजूला सारली.

"नको. तुमच्या दरानं माझं भागलं, शेठ. आधी थेंबन् थेंब डेअरीला घालावा लागायचा, घरात पोरांना ताकसुद्धा दिसायचं नाही. आता तुमच्या एका बरणीत घरखर्च निघतो. उरलेलं विकतच नाही मी." पैसे कनवटीला लावताना ती त्यांच्याकडे प्रथमच मोकळेपणानं हसली. "नातवंडं तांब्या तांब्या पितात. धाकटी तर तोंडाची मिशीसुद्धा पुसत नाही."

लवजीभाईंनी जास्तीची नोट परत उचलली. कुठं ठेवावी ते त्यांना सुचेना.

त्या हंगामात कुणी काय भरलं ते असं: टाक्यांचे पैसे लवजीभाईंनी भरले. ब्लोअरचे त्यांनीच, वीज तेवढी वाचली. पिशवीच्या दुधाचे पैसे घाटानं भरले. पांचीबेनच्या दुधाचे लवजीभाईंनी, बाजाराहून चार रुपये चढे, महिन्याच्या महिन्याला, एक दिवसही न थकवता, आणि त्यातला एक घोटही त्यांच्या घरात कुणी घेतला नाही. देवकीपरच्या पोरांना दूध फुकट मिळालं.